वजन उतरलेले व्यायाम : मान-खांद्यांचे दुखणे आणि तालमीतली मेहनत

मान आखडली किंवा खांदा वर उचलेनासा झाला की हलका व्यायाम करावा, हा सल्ला आज इतका रूढ आहे की त्यामागे प्राचीन परंपरा असणारच असे गृहीत धरले जाते. परंतु भारतीय वैद्यकाच्या लिखित परंपरेत दुखणे आणि व्यायाम यांची दालने दीर्घकाळ वेगवेगळी होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींचे वर्णन करताना मान ताठरून वळेनाशी होते त्या विकाराला ‘मन्यास्तंभ’, आणि खांद्याच्या ठिकाणी वायू राहून तेथील बंधने सुकतात व शिरा आखडून हात जखडतो त्या विकाराला ‘अवबाहुक’ अशी नावे दिलेली आहेत. मन्यास्तंभाची कारणे सांगताना ग्रंथकार दिवसा झोपणे, वाकड्या-तिकड्या पद्धतीने बसणे व उभे राहणे, आणि सतत वर पाहत राहणे यांचा उल्लेख करतो. यांतील शेवटचे कारण आजच्या वाचकाला विशेष वाटेल, कारण आज मान दुखते ती बहुतांशी खाली पाहून. बसण्याच्या पद्धतीवर ठेवलेला दोष मात्र आजही तसाच लागू पडतो. या विकारांवर सांगितलेले उपचार म्हणजे शेक, नाकावाटे औषध देण्याची ‘नस्य’ ही क्रिया आणि तेलाचे विविध प्रयोग होत. व्यायाम त्यांत नाही. उलट वाग्भटाने अष्टांगहृदयात, वात व पित्ताचे विकार असलेल्यांनी, बालकांनी, वृद्धांनी आणि अजीर्ण झालेल्यांनी व्यायाम टाळावा असेच सांगितले आहे. व्यायाम हा निरोगी, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाचा, आणि तोही अर्ध्या शक्तीनेच करावयाचा. ही ‘अर्धशक्ती’ कोठे संपते हे ओळखण्याची खूण सुश्रुताने दिली आहे ती श्वास तोंडावाटे होऊ लागण्याची. थंडीच्या दिवसांत व वसंतात एवढे करावे, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असा वाग्भटाचा दंडक आहे. म्हणजे सौम्यपणाची कल्पना शास्त्रात होती, परंतु ती निरोग्यांसाठी होती. दुखणाऱ्या खांद्याला हलवून बरे करावे ही कल्पना पुढे दुसऱ्याच वाटेने आली, आणि त्या वाटेचा मोठा भाग महाराष्ट्र आणि मराठ्यांचे बडोदे यांतून जातो.

मल्लांच्या परंपरेत व्यायामाचा हेतू आरोग्य हा नव्हता, बळ हा होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या कुस्त्यांवर एक प्रकरण असून त्यात त्यांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत : वजन उचलण्याचा, चालण्याचा, पाण्यात उतरून करावयाचा, बाहूंचा आणि खांबावरचा. यांतील खांबावरच्या मेहनतीला, म्हणजे ‘स्तंभश्रमा’ला, मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख मानण्याची प्रथा आहे आणि त्यामुळे अभ्यासकांचे लक्ष तिकडेच अधिक गेले, बाहूंच्या मेहनतीकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही. वास्तविक शस्त्राच्या युगात हात आणि खांदा यांना जे महत्त्व होते ते इतर कोणत्याही अवयवाला नव्हते. तलवार, भाला, गदा आणि धनुष्य ही चारही शस्त्रे अखेर खांद्यातून चालतात, आणि खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा व म्हणूनच सर्वांत अस्थिर सांधा आहे : हाताच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खळग्यात टेकलेला असतो, आणि तो जागेवर राहतो तो हाडांच्या घडणीमुळे नव्हे, तर भोवतालच्या स्नायूंमुळे व ज्यावर हा खळगा आहे त्या पाठीवरील फऱ्याच्या हाडाला आवळून धरणाऱ्या मांसपेशींमुळे. हेच स्नायू वर मानेपर्यंत पोहोचतात. खांदा बिघडला की मान दुखते आणि मान आखडली की खांदा उचलत नाही, याचे कारण या एकत्र बांधणीत आहे.

तालमीतील साधने पाहिली की ही बांधणी वस्तादांना अनुभवाने पक्की ठाऊक होती हे लक्षात येते. मुद्गल हे त्यांतले प्रमुख साधन होय. खाली जाड आणि मुठीकडे निमुळते होत जाणारे, शिसव किंवा तत्सम जड लाकडाचे हे दांडके एकेकटे किंवा दोन्ही हातांत जोडीने फिरवले जाते, म्हणून त्याला तालमीत नुसते ‘जोडी’ असेही म्हणतात. ‘करेला’ हे त्याच कुळातील आणखी एक नाव. त्याचे वजन दोन-चार किलोंपासून वीस किलोंपर्यंत, आणि मातब्बर पहिलवानांच्या बाबतीत त्याहूनही अधिक असे. फिरवण्याची मूळ चाल अशी : मूठ छातीसमोर धरून मुद्गल उभा ठेवायचा, तेथून तो खांद्यावरून मागे सोडायचा, कोपर आकाशाकडे रोखलेले असताना तो पाठीमागे उलटा लटकू द्यायचा, आणि मग त्याच गतीने पाठ घासत दुसऱ्या बगलेकडून पुढे आणायचा. मुद्गल पाठीमागे लोंबत असतो त्या क्षणी त्याच्या वजनाने सांध्यावर ओढ पडते, खांदा पूर्ण वर आणि बाहेर वळतो, फरा बरगड्यांवरून घसरत फिरतो. आणि हे सारे ताकदीने नव्हे, तर लय सांभाळून करावे लागते, कारण लय चुकली तर जड मुद्गल हाताला हिसका देतो. ज्या स्नायूंना आजचे उपचारक वेगवेगळ्या व्यायामांनी जागे करतात ते सर्व या एका फेऱ्यात कामाला लागतात. मात्र तालमीत हा व्यायाम सौम्य मुळीच नव्हता. वीस किलोंची जोडी शंभर वेळा फिरवणारा माणूस खांदेदुखीवर उपाय करीत नसतो.

लेझीम या साधनाची कथा याहून उद्बोधक आहे. आज शाळेच्या मैदानात आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत जे झांजांचे हलके लेझीम दिसते ते मूळच्या जड साधनाचे उतरलेले रूप आहे. जुने लेझीम म्हणजे धनुष्यासारखा दांडा आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी, व तिच्यात अडकवलेल्या चकत्या. ते डोक्यावरून या खांद्याकडून त्या खांद्याकडे ओढत-ढकलत फिरवायचे, म्हणजे धनुर्धराच्या खांद्यांना ताण सोसण्याची सवय होई. इराणातील ‘झूरखाना’ नावाच्या व्यायामशाळांत ‘मील’ नावाची लाकडी मुद्गले आणि ‘कब्बादे’ नावाचे साखळीचे धनुष्य आजही वापरतात, आणि ही दोन्ही साधने दख्खनच्या तालमींतील साधनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की दोन्ही प्रदेशांतील शस्त्रजीवी लोकांचा परस्पर संबंध नाकारता येत नाही. लेझमाची साखळी हलकी होत गेली, तिचा आवाज महत्त्वाचा ठरला, आणि युद्धाची मेहनत नाचात विलीन झाली. मानेची मेहनत अशी हलकी कधी झाली नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा सारा भार मानेवर घ्यावा लागतो, त्यामुळे डोके मातीला टेकवून मानेवर शरीर तोलणे आणि गळ्यात जड दगडी कडे अडकवून जोर व बैठका काढणे असे प्रकार पहिलवान करीत. अशा मेहनतीने मानेचा घेर वाढे; तिची लवचिकता वाढे असे म्हणण्याचे धाडस कोणी जाणकार करणार नाही.

तरीही दुखणे आणि मेहनत यांची दालने प्रथम एकमेकांत उघडली ती तालमीतच. हौद्यातील माती तेल, हळद, ताक, लिंबू घालून मऊ केलेली असली तरी हाडे निखळत, शिरा लचकत, माना मुरगळत. आणि गावातला वैद्य येईपर्यंत थांबण्याऐवजी वस्तादच निखळलेला खांदा बसवी व दुखरा भाग चोळून मोकळा करी. मालिश हा तर तालमीच्या दिनक्रमाचाच भाग होता : मेहनत संपल्यावर धाकट्या मल्लाने थोरल्याचे अंग रगडायचे आणि त्या निमित्ताने कोणता स्नायू कोठून कोठे जातो हे हातांनी शिकायचे. शरीररचनेची पोथी न वाचता मिळालेले हे ज्ञान ग्रंथांत उतरले नाही, त्यामुळे इतिहासकाराच्या हाती त्याचे पुरावे थोडे लागतात. पण कोल्हापूर, सांगली, पुणे या गावांत आजही हाड बसवणारा म्हणून ज्याचे नाव सांगितले जाते तो पुष्कळदा जुन्या तालमीशी नाते सांगणारा असतो.

या साधनांचे वजन उतरवण्याचे काम मात्र आधी विलायतेत झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या सैन्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी हिंदी शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिले, त्याची हलकी आवृत्ती इंग्लंडमधील लष्करी कवायतीत शिरली, आणि डोनाल्ड वॉकर या लेखकाने १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या पुरुषांच्या व्यायामांवरील पुस्तकात तिला जागा दिली. पाठोपाठ त्याने स्त्रियांच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले तेव्हा त्यात याहून नाजूक दंड आले आणि त्यांचा उद्देश खांदे मागे राहावेत, पाठ सरळ राहावी, मानेला बाक येऊ नये असा सांगितला गेला. या ठिकाणी साधनाचा हेतूच बदलला. गदेच्या वंशातले हे हत्यार दिवाणखान्यात शिवणकाम करणाऱ्या स्त्रीची पाठ सरळ करण्यासाठी वापरले जाऊ लागले. अमेरिकेत सिम केहो याने १८६६ साली या व्यायामावर स्वतंत्र पुस्तक काढले व मुद्गलांचा व्यापार केला. पुढे १९०४ च्या सेंट लुइस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. ज्या देशातून तो गेला त्या देशातील शाळांत तो पुढे इंग्रजी कवायतीचा भाग म्हणून, लाकडी डंबेल्सच्या सोबतीने, परत आला.

महाराष्ट्रातील सुशिक्षितांचा परदेशी व्यायामपद्धतींशी आलेला संबंध औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या उदाहरणात नेमका दिसतो. त्यांनी १८९७ साली युजीन सँडो या जर्मन शक्तिवीराची पुस्तके व साधने मागवून दहा वर्षे निष्ठेने व्यायाम केला, छाती-दंड भरले, पण एकंदर प्रकृतीचे समाधान झाले नाही. त्यानंतर मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी तो नेमाने चालू केला. सूर्यनमस्कारात साधनच नाही, वजन काय ते स्वतःच्या शरीराचे. या दृष्टीने तो एक टप्पा पुढे होता. परंतु दुखणाऱ्या खांद्याला तोही सोसत नाही, कारण प्रत्येक नमस्कारात शरीराचा बराच भार तळहातांवर पेलावा लागतो, आणि त्याचे प्रचारक त्याला सर्व रोगांवरचा उपाय म्हणू लागले तेव्हा हा भेद त्यांनी पुसूनच टाकला.

दुखणे आणि व्यायाम यांची जाणीवपूर्वक सांगड बडोद्याहून आलेल्या परंपरेने घातली. बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रमुख गजानन यशवंत ऊर्फ प्रोफेसर माणिकराव हे तालीम आणि कवायत या दोन जगांना जोडणारे पुरुष होते : एकीकडे हाडे बसवण्यात व मालिशात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, दुसरीकडे एकट्या पहिलवानाची मेहनत शेकडो मुलांनी एका तालावर करावी यासाठी त्यांनी देशी भाषेतील हुकमांसह ‘संघव्यायामा’ची पद्धत बसवली. अनेकांनी मिळून करायचा व्यायाम सर्वांत अशक्त मुलालाही जमला पाहिजे, त्यामुळे संघव्यायामात साधनांचे वजन आपोआपच उतरले. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे हे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. माळसरचे योगी माधवदासजी यांच्याकडून योगाची दीक्षा घेतल्यानंतर, आसने व क्रियांचे शरीरावर प्रत्यक्ष काय परिणाम होतात हे क्ष-किरणे आणि दाबमापकांच्या साहाय्याने तपासण्याचा उद्योग त्यांनी आरंभला, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. मुंबईत चर्नी रोडला समुद्रालगत त्यांच्या संस्थेचे आरोग्यकेंद्र उभे राहिले तेव्हा तेथे येणारे लोक पहिलवान नव्हते. ते मुंबई शहरातले कारकून, व्यापारी, वकील होते, आणि बैठ्या कामाने उद्भवलेल्या तक्रारी घेऊन येत होते.

कैवल्यधामाच्या शिक्षणक्रमातील ‘ब्रह्ममुद्रा’ हा प्रकार या सर्व इतिहासात सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत लक्षणीय आहे. पद्मासनात, ते न जमल्यास साधी मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसायचे. मान सावकाश उजवीकडे वळवून हनुवटी खांद्याच्या रेषेत आणायचा प्रयत्न करायचा, तेथे काही क्षण थांबायचे, मध्यावर यायचे, मग तसेच डावीकडे. त्यानंतर डोके मागे न्यायचे आणि अखेरीस हनुवटी छातीकडे आणायची. चार दिशांना चार वेळा तोंड होते म्हणून चतुर्मुख ब्रह्मदेवाचे नाव त्याला मिळाले. यात झटका नाही, मोजणीची घाई नाही, आणि शाळेच्या कवायतीत सर्रास शिकवली जाते तशी मानेची गरगर फिरकीही नाही. ही फिरकी न घालण्याचा विवेक महत्त्वाचा आहे, कारण मानेचे मणके चारही दिशांना वेगवेगळे वळू शकत असले तरी मागच्या टोकाला नेऊन गोल फिरवल्यास त्यांचे सांधे व त्यांतून जाणाऱ्या नसा चेपण्याचा धोका वयस्कर माणसांत विशेष असतो. दगडी कडे गळ्यात घालून काढलेल्या बैठकांपासून ब्रह्ममुद्रेपर्यंतचे अंतर पाहिले म्हणजे मानेच्या व्यायामातून वजन पूर्णपणे काढून घेतल्यावर काय उरते ते कळते : उरते ती केवळ गती, तिचा संथपणा, आणि टोकाला जाऊन थांबणे. सुश्रुताची अर्धशक्ती येथे प्रथमच दुखणाऱ्या माणसाच्या वाट्याला आली.

पुण्यात हीच दिशा वेगळ्या रीतीने पुढे गेली. म्हैसूरच्या बाजूने आलेले बी. के. एस. अय्यंगार यांना १९३७ साली डेक्कन जिमखान्याने सहा महिन्यांसाठी योग शिकवण्यास बोलावले, आणि ते जन्मभर पुण्याचेच झाले. त्यांची मूळ प्रवृत्ती सौम्य नव्हती. त्यांचे आसनांतील काटेकोरपण प्रसिद्धच आहे. परंतु आजारी, वृद्ध आणि ताठर शरीरांच्या विद्यार्थ्यांना तेच आसन करवण्यासाठी त्यांनी भिंतीतील दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, घड्या घातलेल्या चादरी यांचा आधार पद्धतशीरपणे वापरात आणला. सर्वांगासनात खांद्यांखाली चादरींची थप्पी ठेवून डोके त्याहून खाली जमिनीवर टेकवायचे, म्हणजे मान काटकोनात मुडपत नाही, ही त्यांची युक्ती आज जगभर रूढ आहे. मुद्गलात जे काम लोंबत्या वजनाने होत असे, ते येथे भिंतीतल्या दोराने होऊ लागले, फरक एवढाच की ताण किती घ्यायचा हे आता वजन ठरवीत नव्हते, माणूस ठरवीत होता. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची अय्यंगारांशी १९५२ साली मुंबईत भेट झाली आणि पुढे त्यांनी आपल्या या गुरूला व्हायोलिनचा सर्वोत्तम शिक्षक म्हणून गौरवणारे शब्द कोरलेले घड्याळ भेट दिले. व्हायोलिन हे वाद्यच हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरायचे असते हे लक्षात घेतले तर हा गौरव नुसता अलंकारिक राहत नाही.

रुग्णालयातील व्यायामोपचार मात्र याच काळात तिसऱ्या मार्गाने आला आणि त्याचा या देशी परंपरेशी सुरुवातीला काहीही संबंध नव्हता. त्याचे मूळ पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश शिक्षकाने १८१३ साली स्टॉकहोमला काढलेल्या संस्थेत आहे. लिंग स्वतः तलवारबाजी शिकवीत असे, आणि त्या सरावाने आपला दुखरा हात सुधारल्याचे पाहून तो उपचारात्मक व्यायामाकडे वळला असे सांगितले जाते. शस्त्राच्या मेहनतीतून उपचार निघण्याचा प्रकार केवळ दख्खनचा नव्हता, हे यावरून दिसते. अमेरिकी शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन याने १९३४ साली बॉस्टनमध्ये खांद्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्याचे, आणि कमरेत वाकून दुखरा हात लंबकासारखा सैल लोंबू देऊन हलकेच झुलवण्याचा व्यायामही त्याच्याच नावाने ओळखला जातो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातील पहिले फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले ते मुख्यतः पोलिओग्रस्त मुलांसाठी. मान-खांदे दुखणारे कचेरीतले रुग्ण त्याच्या दारात पुढे आले. कॉडमनचा लोंबता हात आणि तालमीतला पाठीमागे लोंबणारा मुद्गल यांत सांध्यावर पडणारी ओढ एकाच जातीची आहे, पण पांढऱ्या कोटातल्या उपचारकाने वस्तादाकडे पाहिले नाही आणि वस्तादाने रुग्णालयाकडे. दोघांचे नुकसान झाले असे म्हणण्यास जागा आहे.

या साऱ्या प्रवासात हलक्या व्यायामाचा लाभ कोणाला झाला हे तपासले तर एक उणीव स्पष्ट दिसते. तालीम शिपायाची व पहिलवानाची, सूर्यनमस्कार शाळेतल्या मुलांचा, आसने शहरी मध्यमवर्गाची. डोक्यावर पाटी, टोपली किंवा पोते वाहून पोट भरणाऱ्या माणसाच्या मानेसाठी कोणीही व्यायाम रचला नाही, जरी मुंबईच्या बंदरात, धान्यबाजारांत आणि मासळीच्या बाजारात सर्वाधिक भार सोसणाऱ्या माना त्यांच्याच होत्या. माणसाचे डोके सुमारे पाच किलोंचे. त्यावर चुंबळ ठेवून शंभर किलोंचे पोते घेणाऱ्या हमालाला मान सावकाश डावी-उजवी वळवण्याचा सल्ला देणे हास्यास्पद ठरले असते, आणि तो कोणी दिलाही नाही. त्यांच्या बाबतीत उपाय निघाला तो कामगार संघटनांच्या मार्गाने. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला आणि त्यांच्या कामाला नोंदणी, मजुरी व कल्याणमंडळांची चौकट मिळाली. पुढे पोत्याचे वजनच पन्नास किलोंवर आणावे ही मागणी माथाडींच्या संघटनांनी लावून धरली.